गोव्याच्या संताचे शिल्प

देवाची मूर्ती घडविणाऱ्या शिल्पकाराला ध्यानश्लोकाचा आधार असतो. हात किती, त्यांत आयुधे कोणती, आसन कसे, वाहन कोणते, हे सर्व शास्त्राने आधीच ठरवून ठेवलेले असते. संताची मूर्ती घडविणाऱ्याची अडचण याहून निराळी आहे. संत हा इतिहासात होऊन गेलेला मनुष्य. त्याला जन्मगाव असते, मृत्यूचा दिवस असतो आणि स्वतःचा असा चेहराही असतो. तो चेहरा प्रत्यक्ष पाहिलेली पिढी पन्नास-साठ वर्षांत नाहीशी होते. मूर्ती मात्र पुढे शेकडो वर्षे लोकांनी ओळखावयाची असते. म्हणून संताच्या मूर्तीत चेहऱ्यापेक्षा चिन्हाला अधिक महत्त्व येते.

ही रीत सर्वच धर्मांत दिसते. लखनौच्या राज्य संग्रहालयात मथुरेच्या कंकाली टेकडीतून निघालेल्या प्राचीन जैन मूर्ती आहेत. त्यांतील तीर्थंकरांची मुद्रा एकच, बसण्याची ढब एकच, मुखावरील शांतीही तीच. ऋषभनाथ ओळखावयाचे ते खांद्यावर रुळणाऱ्या केसांवरून आणि पार्श्वनाथ ओळखावयाचे ते मस्तकावरील नागफणांवरून. पुढच्या काळात प्रत्येक तीर्थंकराला वेगळे लांछन मिळाले आणि ओळख सोपी झाली. ख्रिस्ती मूर्तिकलेची वाटही अशीच आहे. हाती किल्ल्या असल्या की तो पीटर. अंगात बाण रुतलेला तरुण तो सेबास्टियन. लोखंडी जाळी घेतलेला लॉरेन्स, मोडक्या चाकाजवळ उभी असलेली कॅथरिन, हातावर बाळ येशू आणि लिलीचे फूल धारण केलेला अँथनी. अक्षरओळख नसलेल्या भाविकालाही ही खूण वाचता येते.

परंतु ही खूण ठरवावयाची कोणी? युरोपात या प्रश्नाचे उत्तर ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये दिले. बिशपची संमती असल्यावाचून कोणतीही अपरिचित स्वरूपाची प्रतिमा चर्चमध्ये बसवू नये, असा तिचा निर्णय होता. कागदावर हा निर्णय स्वच्छ होता. पण मूर्ती कागदावर घडत नाही. आराखडा देणारा एक असतो, हातोडा धरणारा दुसरा असतो, आणि पूर्ण झालेल्या मूर्तीला अर्थ देणारा समाज हा तिसरा असतो. या तिघांचे मन एकच असेल अशी हमी कोणालाच देता येत नाही. जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चमध्ये असलेले संत फ्रान्सिस झेवियर यांचे समाधिशिल्प हा याचा ठसठशीत दाखला आहे.

झेवियर यांचा जन्म १५०६ साली नवार प्रांतातील झेवियर या गढीत झाला. पॅरिसच्या विद्यापीठात शिकत असता इग्नेशियस लोयोला यांचा सहवास त्यांना लाभला आणि जेझुइट संघाच्या पहिल्या मोजक्या सभासदांत ते सामील झाले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पुढील दहा वर्षांत दक्षिणेचा समुद्रकिनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान असा विस्तीर्ण प्रवास त्यांनी केला. आणि चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर त्यांचा अंत झाला. त्यांचा देह आधी मलाक्का येथे आणि तेथून मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आला. १६१९ मध्ये त्यांना धन्य आणि १६२२ मध्ये इग्नेशियस लोयोला, अव्हिलाची तेरेसा इत्यादींच्या बरोबरीने संत म्हणून घोषित करण्यात आले.

या चरित्राला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे इतिहासाला धरून होणार नाही. १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पाठविलेल्या पत्रात गोव्यात इन्क्विझिशनची आवश्यकता असल्याचे झेवियर यांनी लिहिले होते. हे न्यायासन प्रत्यक्षात आले ते त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये. आणि मध्यंतरीची काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ते चालले. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या तालुक्यांतील देवळे पाडली गेली, ग्रामदैवते रातोरात नदीपलीकडे हलवावी लागली. संताच्या मूर्तीचा विचार करताना तिच्या पायाशी असलेली ही भूमी विसरता येत नाही.

झेवियर यांच्या मूर्तीसाठी जी चिन्हे रूढ झाली त्यांत मुख्य तीन. पहिले, दोन्ही हातांनी छातीवरील झगा दूर सारण्याची मुद्रा आणि आत प्रज्वलित हृदय. गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयाच्या बागेत ईश्वरप्रेमाचा दाह असह्य होऊन त्यांनी झगा सैल केला आणि ‘पुरे, प्रभो’ असे उद्गार काढले, ही त्यामागील आख्यायिका. म्हणजे युरोपभर पसरलेल्या या मुद्रेचे मूळ गोव्याच्या एका बागेत आहे. दुसरे चिन्ह खेकड्याचे. मोलुक्का बेटांच्या समुद्रात वादळ शमविण्यासाठी बुडविलेला क्रूस हातातून निसटला आणि दुसऱ्या दिवशी एका खेकड्याने तो नांग्यांत धरून किनाऱ्यावर आणून दिला, अशी कथा आहे. तिसरे चिन्ह यात्रेकरूची काठी. दहा वर्षांत हजारो कोसांची मजल मारणाऱ्या मनुष्याला ते शोभणारेच होते. या काठीचे पुढे काय झाले, तो या कथेचा गाभा आहे.

गोव्यातील शिल्पकारापुढे आणखी एक गोष्ट होती. इतरत्र संताची मूर्ती ही संताच्या अभावी असते; येथे खुद्द संताचा देहच होता. बॉम जीझस चर्चची पायाभरणी १५९४ मध्ये झाली आणि १६०५ मध्ये आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. जांभ्या दगडाची ही इमारत. तिच्या दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी काळा दगड वसईहून आणलेला. मुख्य वेदीवर इग्नेशियस लोयोलांची भव्य मूर्ती आहे आणि तिची दृष्टी वर, सूर्यकिरणांनी वेढलेल्या येशूच्या नामाक्षरांकडे लागलेली आहे. तिच्या पायाशी बाल येशूची लहानशी मूर्ती आहे. अशा या चर्चमध्ये झेवियर यांचा देह ठेवावयाचा, तर त्याच्यासाठी घडवावयाची वस्तू मूर्तीहून निराळी असणार हे उघड होते. सांचीच्या स्तूपात अस्थिकरंडक गर्भात राहिला आणि कथा तोरणांवर कोरल्या गेल्या. येथेही मधे देह आणि सभोवार चरित्र, अशी योजना करावी लागली.

ती योजना ज्याने केली तो मार्चेल्लो मास्त्रिली हा नेपल्सचा तरुण जेझुइट होता. डिसेंबर १६३३ मध्ये एका उत्सवाची सजावट उतरविण्याचे काम चालू असता वरून निसटलेला हातोडा त्याच्या डोक्यावर पडला. त्याची आशा सुटली. अशा अवस्थेत यात्रेकरूच्या वेषातील झेवियर यांचे त्याला दर्शन झाले आणि तो बरा झाला, असे त्याने सांगितले. त्या वेळी केलेल्या नवसाप्रमाणे तो जपानकडे निघाला आणि वाटेत १६३५ च्या अखेरीस गोव्यात आला. संताच्या देहासाठी चांदीचा करंडक करावा हा त्याचा संकल्प. त्याने आराखडा दिला, काम सोपविले आणि १६३६ मध्ये तो पूर्वेकडे निघून गेला. १७ ऑक्टोबर १६३७ रोजी नागासाकी येथे त्याला ठार मारण्यात आले. करंडकाचे काम १६३६-३७ या काळातले. म्हणजे चांदीवर हातोडे पडत होते तेव्हा आराखडा देणारा माणूस समुद्रापार होता.

मग हा करंडक घडविला कोणी? गोव्याच्या रुप्याचे काम करणाऱ्या कारागिरांनी. करंडकाच्या चारही बाजूंवर बत्तीस रौप्यपट आहेत आणि त्यांवर संताच्या जीवनातील प्रसंग उठावात काढलेले आहेत. प्रसंगांची मांडणी युरोपातील छापील चित्रांच्या वळणाची आहे. परंतु पटांभोवतीची कमानदार चौकट, तिच्यातील वेलबुट्टी आणि रिकामी जागा म्हणून राहू न देण्याची वृत्ती ही देवळाच्या मखरावर आणि पालखीवर रुळलेल्या हाताची आहे. इटालियन आराखडा आणि गोमंतकीय हात यांचा संगम पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येतो.

येथे पूर्वीची एक गोष्ट आठवते. गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने १५६७ मध्ये असा निर्बंध घातला होता की, ख्रिस्ती धर्माच्या प्रतिमा आणि उपासनेची उपकरणे बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. निर्बंध घालावा लागतो तो चालू असलेल्या गोष्टीवर. चर्चची वेदी, क्रूस, मेणबत्तीची झाडे घडवीत होते ते येथलेच सुतार, पाथरवट आणि सोनार. आणि युरोपातून पुरेसे कारागीर आणणे राज्यकर्त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. धर्म बदललेल्या कारागिराच्या हातची कलाही एका पिढीत बदलत नाही. बापाने मुलाला शिकविलेली वळणे छिन्नीत राहतात. गोव्यातील कित्येक चर्चांच्या प्रवचनपीठांना खालून तोलून धरणाऱ्या, कमरेखाली सर्पाकार होत गेलेल्या स्त्रीमूर्ती पाहिल्या की नागकन्यांची आठवण होते. गोव्यात सतराव्या शतकात हस्तिदंतात घडविलेल्या उत्तम मेंढपाळाच्या मूर्ती तर याहून बोलक्या आहेत. टेकडीच्या शिखरावर बाल येशू पाय मुडपून बसला आहे, गालाला हात लावून डोळे मिटले आहेत, खांद्यावर आणि मांडीवर मेंढरे आहेत. खाली झऱ्यावर पक्षी पाणी पीत आहेत आणि पायथ्याच्या गुहेत मेरी मॅग्डालीन पहुडली आहे. बायबलातील मेंढपाळ हा फिरणारा, हरवलेले मेंढरू शोधणारा. गोव्यात तो ध्यानस्थ झाला. अभ्यासकांना त्यात बुद्धमूर्तीची छाया दिसली, यात नवल नाही.

जे हस्तिदंतात आणि चांदीत घडले तेच शब्दांतही घडत होते. राशोलच्या परिसरात राहून फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. १६१६ मध्ये छापून निघालेल्या त्या ग्रंथात स्वर्गाला वैकुंठ हा शब्द आला. विषय जेरुसलेमचा, पण ज्या कानांसाठी तो सांगावयाचा त्यांची भाषा पुराणकीर्तनाची होती. करंडकावरील प्रसंग आणि ख्रिस्तपुराणातील ओवी ही एकाच काळाची, एकाच गरजेची अपत्ये आहेत.

आतापर्यंत ही कथा चर्चच्या आणि कारागिरांच्या मर्यादेत राहिली. १६८३ मध्ये ती राजकारणात आली. छत्रपती संभाजी महाराजांशी पोर्तुगिजांचे युद्ध जुंपले होते. विजरई कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यावर केलेली स्वारी फसली. नोव्हेंबर महिन्यात मराठ्यांनी जुवे बेटावरील किल्ला घेतला. तो परत मिळविण्यास गेलेला विजरई जखमी होऊन कसाबसा निसटला. राजधानी हाकेच्या अंतरावर होती. त्या संकटात विजरईने बॉम जीझसमध्ये जाऊन संताची शवपेटी उघडविली आणि आपला अधिकारदंड, राजाची नेमणूकपत्रे व राज्याचे रक्षण संतावर सोपविल्याचा लेख संताच्या हाती ठेवला. पुढे औरंगजेबाचा पुत्र शाहआलम रामघाट उतरून मोठ्या फौजेनिशी कोकणात आल्यामुळे महाराजांना गोव्यावरील मोहीम आवरती घ्यावी लागली. इतिहासाच्या दृष्टीने गोव्याची राजधानी बचावली ती मोगल फौजेच्या आगमनाने. परंतु पणजीपासून लिस्बनपर्यंत श्रेय मिळाले ते संताला. तेव्हापासून नव्या अधिकाऱ्याने कारभार हाती घेण्यापूर्वी संताच्या समाधीपाशी जाऊन अधिकारदंड स्वीकारण्याचा प्रघात पडला.

मास्त्रिलीला दिसलेल्या संताच्या हाती यात्रेकरूची काठी होती. विजरईने त्याच हाती राजदंड दिला. काठी आणि दंड यांत लाकडाचा फरक फारसा नसेल. अर्थाचा फरक मात्र फार मोठा आहे. घरदार सोडून निघालेल्या मनुष्याची खूण पाहता पाहता एका साम्राज्याच्या पहारेकऱ्याची खूण झाली, आणि मूळ आराखड्यात तिची सूचनाही नव्हती.

यानंतर पंधरा वर्षांनी समाधीला तिचे आजचे रूप आले. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो हा मेदिची घराण्यातील अत्यंत धर्मनिष्ठ पुरुष. संताच्या मस्तकाखाली असलेली उशी गोव्याच्या जेझुइटांकडून त्याला भेट म्हणून मिळाली. तिची उतराई म्हणून त्याने समाधीचा चबुतरा देण्याचे ठरविले आणि ते काम फ्लॉरेन्सचा दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याजकडे सोपविले. काम सुमारे दहा वर्षे चालले. रंगीत संगमरवर आणि जास्पर यांच्या जडावाचा चबुतरा आणि त्याच्या चार बाजूंना ब्राँझचे चार उठावपट, अशी त्याची रचना आहे. संताचे धर्मप्रवचन, बाप्तिस्मा देण्याचा विधी, मारावयास आलेल्या बेटवासीयांपासून सुटका आणि एकाकी बेटावरील मृत्यू हे त्यांवरील विषय. मृत्यूच्या पटाशी जोडलेल्या लॅटिन बोधवाक्यात संताला मावळताना अधिक थोर दिसणाऱ्या सूर्याची उपमा आहे.

फोज्जिनी स्वतः गोव्यात कधीच आला नाही. सुटे भाग जहाजातून आले, त्यांच्यासोबत प्लाचिदो रॅम्पोनी हा कारागीर आला आणि १६९८ मध्ये त्याने ते जागेवर जुळविले. फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराने मोलुक्का बेटांतील माणसे कल्पनेने रंगविली. त्यांचे देह ग्रीक पुतळ्यांसारखे आहेत. पण त्याने एका गोष्टीत मोठा विवेक दाखविला. गोव्याच्या कारागिरांनी साठ वर्षांपूर्वी केलेला करंडक त्याच्या चबुतऱ्याच्या माथ्यावर राहिला. खाली युरोपातील एका वैभवशाली दरबाराची कला आणि वर, संताच्या देहाला लागून, गोव्याच्या सोनाराची कला, असा हा योग आहे. १५६७ च्या निर्बंधाने ज्या परंपरेच्या हातांना दूर ठेवावयाचे होते, त्याच परंपरेची घडण संताच्या सर्वांत निकट राहिली.

राज्यकर्त्यांनी दिलेला अर्थही टिकला नाही. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने जेझुइटांनाच आपल्या मुलखातून हद्दपार केले. जुने गोवे रोगराईने ओस पडत गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ज्या राज्याचे रक्षण संतावर सोपविले होते ते राज्यच संपले. समाधी मात्र ओस पडली नाही. गोव्याचे लोक संताला ‘गोंयचो सायब’ म्हणतात. या संबोधनात विजरईचा दरबारी थाट नाही. गावाच्या राखणदाराविषयी जी आपुलकी असते तिच्याशी त्याचे नाते आहे. ३ डिसेंबरच्या फेस्ताला आणि दर दहा वर्षांनी होणाऱ्या दर्शनसोहळ्याला ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदूही रांगेत उभे असतात. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालेल्या सोहळ्यातही हेच दृश्य होते. आणि त्याच वेळी, इन्क्विझिशनचा इतिहास आठवून या संताकडे कठोरपणे पाहणारे लोकही गोव्यात आहेत. दोन्ही दृष्टी एकाच भूमीतून आल्या आहेत. त्यांतील एकीला खोटे ठरविण्याचे कारण नाही.

आराखडा कोणाचा, हात कोणाचे आणि अर्थ कोणाचा, हा प्रश्न विसाव्या शतकातही मिटला नाही. १६८३ च्या लढाईत ज्या जुवे बेटावर विजरई जखमी झाला, त्याच बेटावर १९०२ साली आंजेलु द फोन्सेका या चित्रकाराचा जन्म झाला. तो मूर्तिकार नव्हता, पण त्याच्यापुढील पेच तोच होता. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात शिकून तो गोव्यात परतला आणि त्याने मरियेला लुगडे नेसविले, तिला कोकणी स्त्रीचा वर्ण आणि मुद्रा दिली. सतराव्या शतकातील कारागिराने चौकटीच्या वेलबुट्टीत जे नकळत आणले होते, ते फोन्सेकाने उघडपणे चित्राच्या मध्यभागी आणले. गोव्यातील तत्कालीन धर्माधिकाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना ते रुचले नाही. त्याला गोवा सोडावा लागला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्याला आसरा मिळाला. तेथे त्याने शेकडो चित्रे काढली आणि १९६७ च्या डिसेंबरात पुण्यातच तो वारला.

फोन्सेकाच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात परत आला आहे. पर्वरी येथील ज्या इतिहास-संशोधन केंद्रात तो जतन करून ठेवलेला आहे, त्या केंद्राला नाव आहे झेवियर यांचे.